वरून पहिली पायरी

"हलू नका! अजिबात हलू नका!"

मी जिन्याखाली आडवी पडले होते आणि एक अनोळखी माणूस शेजारी गुडघे टेकून बसला होता. कानामागे पेन्सिल, भुवयांवर भुसा. दार बसवायला ताईने बोलावलेला सुतार. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. मी त्याला दोन शिव्याही हासडल्या. दुखतच तेवढं होतं हो!

मांडीचं हाड मोडलं. मी टॉवर क्रेन चालवते, रोज चाळीस मीटर शिडी चढते-उतरते. आणि पडले कुठे? ताईकडे चार दिवस पाहुणी आले असताना, तेरा पायऱ्यांवरून! साहेबांचा फोन आला, "चार महिन्यांत परत आलीस तर केबिन तुझी. नाहीतर दुसरा माणूस बघतो."

माझी केबिन दुसऱ्याला? बघतेच!

कुबड्या आल्या, व्यायाम आला, रडणंही आलं. आणि जिन्याला कठडा लावायला सुतार आला. काम दोन दिवसांचं, पण महिना झाला तरी संपेना. भावोजी म्हणाले, "कठडा लावतोय की धरण बांधतोय?"

मी चढायला लागले. उतरताना मात्र वरच्या पहिल्याच पायरीशी पाय थिजायचा. सुतार खाली उभा असायचा, उगाच रंधा मारत.

"किती वेळा घासणार तो कठडा?"

"तुमच्या हाताला टोचायला नको…"

"माझे हात बघितलेत का? घट्टे आहेत."

"बघितलेत ना," तो हळूच म्हणाला. "धरलाय मी एक."

माझे कान तापले. पण एके दिवशी तो मान खाली घालून आला.

"हा जिना मीच केलाय. वरची फरशी नंतर बसली आणि ते मी मोजलंच नाही. वरून पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा इंचभर खोल आहे. तुम्ही… माझ्यामुळे पडलात."

असा राग आला! कुबडी भिरकावलीच मी. महिनाभर हा गोड बोलत होता आणि हे पोटात ठेवून?

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही माझं तोंड बघणार नाही, म्हणून. उद्याच जिना उपटतो. नवीन करून देतो."

"हात लावायचा नाही! मी याच पायरीवरून उतरणार. मग काय उपटायचं ते उपटा."

पडल्याला तीन महिने एकवीस दिवस झाले होते. मी वर उभी राहिले. कुबडी नाही, कठड्याला हात नाही. खाली ताई तोंडावर पदर धरून, आणि तो… पांढराफटक.

पाय टाकला. इंचभर खोल. पण पाय टेकला. मग दुसरी, तिसरी… तेरा! ताई रडायलाच लागली.

"आता उपटा," मी म्हणाले.

"उपटतो. पण मग इथलं काम संपेल. तुम्ही जाल…" त्याने पेन्सिल काढली, परत कानामागे खोचली. "मला तुम्ही आवडता. आता हेही लपवत नाही."

"मग माझ्या क्रेनवर या की रविवारी."

"मला उंचीची भीती वाटते हो!"

हसू आवरेना मला. मी त्याचा हात धरला, या वेळी मी.

"मग खाली थांब. मी उतरून येईन. मला आता येतं उतरता."