पोल्ट्रीवाल्याची टकटक

जेवणं आटोपून संस्थेत सगळीकडे दुपारची सुस्ती पसरली होती, तेव्हा चौकशीबाई अंडी पाहायला आत गेल्या. नाव अर्थातच सहकाऱ्यांनी ठेवलेलं. कुठल्याही गोष्टीचा छडा लावल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे, आणि बर्ड फ्लूच्या विषाणूंवर काम करणाऱ्याला ही खोड सोन्यासारखी.

नुकताच एक पोल्ट्रीवाला त्या तापाने दगावला होता. त्याच्या घशातला विषाणू बाईंनी कोंबडीच्या अंड्यांत टोचून वाढायला ठेवला होता. प्रश्न एकच होता: हा आजार माणसाकडून माणसाला होतो का? होत असेल तर जगाची काही धडगत नव्हती. जगाचं राहू द्या, बाईंची लेक शाळा सुटली की रोज इथेच येऊन बाहेरच्या खोलीत काकांजवळ अभ्यासाला बसायची. काका म्हणजे इथले जुने तंत्रज्ञ. बाईंना पहिली काळजी त्या पोरीची होती.

आतली खोली दोन दारांपलीकडे होती. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. बाईंच्या डोक्यावरच्या टोपात गाळलेली हवा येत होती, तिला कसलाच वास नसायचा. त्यांनी दिवा मालवला आणि ट्रेमधल्या अंड्याच्या डोक्यावर टॉर्च टेकवला. कवच लालसर उजळलं. आत बारीक शिरा आणि पिल्लाच्या डोळ्याचा काळा ठिपका दिसला.

टक... टक.

"या," बाई खाली मान घालूनच म्हणाल्या. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. इथे दार वाजवून कोण येणार? त्यांनी भिंतीवरच्या फोनचं बटण दाबलं.

"काका, दार तुम्ही वाजवलंत का?"

"मी? मी इथे चहा पितोय. आणि त्या दाराशी कोण तडमडायला येणार, बाई?"

बाई पुन्हा अंड्यांकडे वळल्या. दुसऱ्या अंड्यातला ठिपका दाराच्या बाजूला होता. तिसऱ्यातलाही. सगळ्यांतलेच. त्यांनी ट्रे उलट दिशेला फिरवला, थोडा वेळ थांबल्या आणि पुन्हा टॉर्च लावला. ठिपके परत दाराकडेच! दुसरं कुणी असतं तर पाय लावून पळालं असतं. बाईंचं कुतूहल मात्र चाळवलं. कोंबड्यांविषयी विचारायचं तर पोल्ट्रीवाल्याच्या बायकोलाच. तिची विचारपूस करायची होतीच. त्यांनी तिथूनच तिला फोन लावला.

"वहिनी, ताप-खोकला काही नाही ना?"

"नाही ताई. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होते, पण मला साधी शिंक नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "बरं, एक विचारते, हसू नका. तुमच्या कोंबड्या सगळ्या मिळून दाराकडे बघत बसायच्या का?"

"हो तर! हे आधी दार वाजवायचे ना. एकदम आत गेलं की कोंबड्या बिथरतात, एकमेकींवर चढून गुदमरून मरतात. टकटक झाली की सगळ्या माना दाराकडे. पुढेपुढे यांना सवयच जडली. घरीसुद्धा दार वाजवून उभे. मी 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. मी म्हणायची, मी काय कोंबडी आहे?"

दोघी हसल्या. मग पलीकडचा आवाज अगदी खाली आला.

"ताई... ते गेल्यापासून रोज दार वाजतंय. तशीच टकटक. जीव तुटतो हो, पण मी 'या' म्हटलं नाही. एकदाही नाही."

"का?"

"आत येताना सोबत काय आणतील, कोण जाणे... पण मघापासून वाजायचं थांबलंय." ती घुटमळली. "दुसऱ्या कुणी आत घेतलं असेल का हो त्यांना?"

बाईंच्या टोपातल्या गाळलेल्या हवेत कोंबड्यांच्या खाद्याचा वास येत होता. त्यांनी फोन कसाबसा ठेवला आणि ट्रेवर उजेड टाकला. ठिपके आता दाराकडे नव्हते. ते बाईंकडे होते. बाई एक पाऊल बाजूला सरकल्या. ठिपके हलले नाहीत. बाईंच्या पाठीमागे जी मोकळी जागा होती, तिकडेच ते पाहत होते.

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना काही जाणून घ्यावंसं वाटेना. त्या मागे न बघता तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने उजेडात सगळे ठिपके हळूहळू सरकू लागले. बाईंना ओलांडून ते परत दाराकडे गेले आणि तिथे थांबले. दार काही उघडलं नाही.

फोन खणखणला. बाईंनी बटण दाबलं.

"बाई, कन्यारत्न आलंय शाळेतून," काका म्हणाले. "विचारतंय, आई कधी येणार?"

"काका, आधी ऐका! तिथे कुणी दार वाजवलं, तर अजिबात..."

टक... टक. फोनमधून स्पष्ट ऐकू आलं.

आणि काकांच्या आधी लेकच बोलली, पाहुणे आले की बोलायची तशी, उत्साहाने.

"या ना, आत या!"