डावीकडचा पट्टा

डिचोलीत बाबाजीच्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी त्याच दुखण्यासाठी पुन्हा आत येत नाही, असं लोक म्हणत. लोकांपेक्षा जास्त वेळा ते बाबाजीच म्हणायचा, पण खोटं नव्हतं.

म्हणून जावयाने, रुद्रेशने, जुनी कॅम्पर व्हॅन घेतली तेव्हा तिच्या मागच्या सीटचं काम बाबाजीने दुसऱ्याच्या हातात जाऊ दिलं नाही. व्हॅनमध्ये शेगडी होती, पाण्याची टाकी होती, झोपायची फळी होती. मागच्या दोन जागांना मात्र नुसता कमरेचा पट्टा. जोराचा ब्रेक लागला की माणूस पुढे वाकून कपाळ फोडून घेणार. आणि तिथे बसणार होती कोमल, बाबाजीची नात. तिच्या आईने, सिद्धीने, बापाला बजावलं होतं, खांद्यावरून येणारा पट्टा बसल्याशिवाय पोरीला घेऊन चोर्ला घाट चढणार नाही.

खांद्याचा पट्टा नुसत्या पत्र्याला लावला तर धक्क्यासरशी पत्रा फाडून निघतो. बाबाजीने खांबाचं अस्तर काढलं, आत जाड लोखंडी पट्टी वेल्ड केली आणि तिच्यात बोल्ट आवळला. कोमल उजवीकडे बसणार, डावीकडे कोणीच नाही. तरी डावीकडचं कामही तेवढंच नेटकं. अर्धं काम करून मिशीला पीळ देणाऱ्यातला तो नव्हता. पूर्ण करून मग पीळ देत असे.

मग नारळ. गाडी लांबच्या वाटेला काढायची तर वेशीवरच्या राखणदाराला, रात्री चामड्याच्या वहाणा घालून गावाभोवती फिरणाऱ्या देवाला, नारळ-विडी ठेवून गाऱ्हाणं घालतात. वाटेत सांभाळ, एवढं म्हणून थांबायचं ही रीत. पण समोर स्वतःच्या हातचं काम चकाकत होतं, आणि बाबाजीची जीभ आवरली नाही.

"वांगडाच चल म्हाराजा," तो म्हणाला. "डावीकडे जागो आसा. पट्टोय बसयलेलो आसा."

बायकोने, पद्मावतीने, डोळे वटारले. राखणदाराला पाठीशी राहा म्हणावं, पाट मांडून बसायला बोलावू नये, असं ती घरी पोहोचेपर्यंत पुटपुटत राहिली.

संध्याकाळी व्हॅन धुताना बाबाजीला दिसलं की तिची मागची डावी बाजू दोन बोटं खाली बसली आहे. पाण्याची टाकी बघितली. ती रिकामी होती, आणि होतीही उजवीकडे. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तपासले. पाटे ठणठणीत होते.

सकाळी कोमलला मागे बसवून तो साखळी गावाकडच्या रस्त्याला लागला आणि मोकळी जागा बघून त्याने करकचून ब्रेक दाबला. खट् करून कोमलच्या पट्ट्याचं रीळ अडकलं. पोर जागची हलली नाही. बाबाजीची छाती फुगली.

तेवढ्यात दुसरं खट् झालं.

तो मागे वळला. डावीकडचा पट्टा त्याने गुंडाळलेला सोडला होता. आता तो पार शेवटापर्यंत बाहेर आला होता आणि बक्कलात अडकला होता. सीटच्या पाठीपासून हातभर पुढे ताणून उभा, आणि मधे काही नव्हतं. ओल्या चामड्याचा आणि विडीचा वास येत होता.

"आबा," कोमल म्हणाली, "तेका पट्टो आखूड जाता."

बाबाजीला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीहून जास्त लाज वाटली. आपल्या कामाला कोणी आखूड म्हणावं! परतल्यावर त्याने ट्रकचा लांब पट्टा मिळवला आणि डावीकडे बसवला. कशासाठी, ते कोणाला सांगितलं नाही. तिथे सामान ठेवू नको, एवढंच सिद्धीला सांगितलं.

रविवारी घाटाच्या वळणावर, समोरून अंगावर आलेल्या ट्रकला चुकवताना व्हॅन कठडा तोडून गेली. पुढची दोन्ही चाकं दरीवर गेली आणि गाडी तिथेच तोलून राहिली. रुद्रेशचं मनगट मोडलं, सिद्धीला मुका मार लागला. कोमलला ओरखडासुद्धा नाही. तिघंही मागच्या दाराने उतरली.

व्हॅन ओढून आणणारा क्रेनवाला धोंडिबा डोकं खाजवत होता. इंजिन पुढे, दोन माणसं पुढे, ही दरीत गेली कशी नाही? मागे खनिज भरून मुरगावच्या बंदरात निघाले होते की काय, असं त्याने बाबाजीला विचारलं.

शेजारीपाजारी बघायला जमले. बाबाजी ज्याला त्याला उजवा खांब दाखवत होता. बोल्ट बसवला तसाच होता. सगळे गेल्यावर त्याने डावीकडचं अस्तर काढलं.

आतली जाड लोखंडी पट्टी विळ्यासारखी वाकली होती. खांबाचा पत्रा पुढे ओढला गेला होता.

बोल्ट सुटला नव्हता.

पट्टा अजून ताणलेलाच होता. बाबाजीने त्यावर हात ठेवला. असं काम आपल्या हातून झालं, या अभिमानाने त्याचे डोळे भरून आले.

"आतां देंव म्हाराजा," तो उतरायला वाट देत म्हणाला. "पोचली सगळीं."

त्याने बक्कलाचं लाल बटण दाबलं. पट्टा सावकाश आत गेला. व्हॅनची डावी बाजू कुरकुरत दोन बोटं वर आली.

बाबाजीने हात जोडले.

गॅरेजच्या दारात त्याची स्वतःची जुनी जीप उभी होती. तिच्या मागच्या सीटला पट्टेच नव्हते. त्याच्या डोळ्यांदेखत ती डावीकडे दोन बोटं खाली बसली.