उन्हात न ढळणारी वडी

“अहो, कोण हाय वर? डबड्याला हात लावू नका!”

दूध संस्थेच्या गच्चीवर बिनतारी संदेशाच्या तबकडीमागचा डबा उघडून मी बसले होते, तोच शिडीच्या टोकाला एक डोकं उगवलं. कपाळावर बुक्का, खांद्यावर टॉवेल... आणि डोळे असे, की हातातला पाना निसटलाच.

“मी द्वारका. आप्पांची लेक. असल्या डब्यांतल्या सिरॅमिकवरच पुण्याला विद्यापीठात संशोधन करते.”

“मी बिभीषण. संस्थेचा सचिव.”

“म्हणजे भावाला सोडून समोरच्याला मिळणारे?”

“समोर कोण हाय, त्यावर हाय ते,” तो हळूच हसला.

आष्टीकडचा तो दुष्काळाचा चैत्र. गावची जनावरं संस्थेच्या छावणीत होती. चाऱ्याच्या गाडीचा निरोप ह्याच बिनतारी डब्यावर यायचा, आणि भर दुपारी डबा नेमका मुका व्हायचा.

मी आतली गोल, पांढरी वडी दाखवली. “भाजलेल्या मातीचीच जात ही. लहरींचा सूर हिच्यावर ठरतो. ही स्वस्तातली... तापली की सूर ढळतो, मग पलीकडचं ऐकू येत नाही.”

“उन्हात माझा मृदंगबी असाच रुसतो. मग उपाय?”

“काही मातींचा सूर तापल्यावर चढतो, काहींचा उतरतो. दोन्ही बेतानं मिसळून एका भट्टीत भाजल्या, की सूर जागचा हलत नाही. तशी वडी आणते मी. सप्ताहाला.”

आणली. पण घरी आप्पा वाट बघत होते. “बाई, पुण्याचं स्थळ चांगलं हाय. काल्याच्या कीर्तनाआधी हो का न्हाई, ते सांग.”

काय सांगू? ज्याच्यापाशी जीव अडकला, तो तर काही बोलतच नव्हता. संध्याकाळी कीर्तनात बुवांनी चाल धरली, की मी बायकांमधून मान वर करायची... आणि मृदंगाचा एक ठेका चुकायचा. बुवा टाळ थांबवून म्हणायचे, “सचिव, चित्त कुठं हाय? पांडुरंग इकडं हाय!” सगळा मांडव हसायचा. मी पदरात तोंड लपवायची.

काल्याच्या दिवशी ऊन चढलं तशी मी गच्चीवर, आठवडाभर घासून मापात आणलेली नवी वडी बसवली. खाली सारजाबाई बिभीषणावर कडाडली, “गाडी कावून आली न्हाई रे? माझी म्हैस उपाशी हाय, अन् तू मृदंग बडवितोस!”

मी वरूनच भडकले. “मावशी, त्यांना कशाला बोलता? ते रात्रंदिवस—”

“बसा मावशी,” बिभीषण शांतपणे म्हणाला. “पाणी घ्या. येईल गाडी.”

तेवढ्यात डबा खरखरला. ऐन उन्हात, स्वच्छ आवाज... “गाडी कडा गावात पोचली. तासाभरात येतो.”

सारजाबाईनं पांडुरंगाला हात जोडले. बिभीषण शिडी चढून वर आला.

“लगीन करून पुण्याला जाणार म्हनं तुमी?”

“तुम्ही सांगा.”

“तुमचं काम तिकडं. माझी छावणी इकडं. मी... काय सांगणार?” त्याचा आवाज खाली खाली गेला.

“बघा, उतरलात! मी तापले की चढते, तुम्ही तापलात की उतरता.”

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, “मग... एका भट्टीत? विद्यापीठाला येष्टी तर रोजच हाय.”

खालून आप्पांची हाक आली, “द्वारके, काला सुरू होतोय! पाहुण्यांना काय सांगू?”

“न्हाई म्हणून सांगा, आप्पा!”

त्या दुपारी मी मान खाली घातलीच नाही. आणि मृदंगाचा ठेका... एकदाही चुकला नाही.