उठलो, दिसलो, पडलो

मी कुंदनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मरत होता. मग उठला, पुन्हा धावला आणि पुन्हा मेला. शेजारच्या खुर्चीत बसून मला ते बघवेना.

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत रोहितचं गेमिंग कॅफे आहे. मी शाळेत भूगोल शिकवते. आठवडाभर पोरांचा आरडाओरडा ऐकते आणि रविवारी दुपारी तिथे जाऊन युद्ध खेळते. घरी खेळलं की आई मागे उभी राहून ‘आता कुणाला मारतेस गं?’ असं विचारत राहते, म्हणून कॅफे. त्या रविवारी माझ्या नेहमीच्या मशीनशेजारी एक उंच, चष्मेवाला, उन्हाने रापलेला मुलगा बसला होता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि त्याच्या स्क्रीनवर धो धो पाऊस. जुन्या महायुद्धातलं एक गाव होतं, त्याचा शिपाई गव्हाच्या शेतातून नाकासमोर पळत सुटला होता. पलीकडच्या घराच्या खिडकीतून मशीनगन सुरू झाली आणि शिपाई आडवा.

"परत तेच!" मी म्हणाले. मोठ्याने म्हणायचं नव्हतं.

त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला. "काही म्हणालात?"

"म्हटलं, दर वेळी त्याच शेतातून पळताय. खिडकीतल्याला एव्हाना तुमचं नाव पाठ झालं असेल."

"कुंदन," तो म्हणाला. "त्याला माहीत आहे, तर तुम्हालाही असू दे."

मला हसू आलं, पण शिक्षकांना हसू दाबायची सवय असते. "शेत सोडा. डावीकडे बांध आहे, त्याच्या खालून ओहोळ जातो, तो थेट त्या घराच्या मागे निघतो. जमीन बघून चालायचं असतं. आणि हा गेम जोडीने खेळायचा असतो, एकट्याने नाही."

"जोडीदार मिळत नाहीये." त्याने चष्मा वर सरकवला. "म्हणजे... गेमसाठी म्हणतोय मी."

मी माझं मशीन सुरू केलं आणि त्याच्या गावात शिरले. भिंतीमागे आमचे दोन शिपाई शेजारी शेजारी बसले. मी शिकवायला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही.

"आडोशामागून उठलात की मनात म्हणायचं, उठलो. तेवढ्यात तुम्ही शत्रूच्या नजरेला पडता, म्हणून, दिसलो. आणि त्याने नेम धरायच्या आत... पडलो. तिसऱ्या शब्दाला अंग जमिनीवर पाहिजे. तेवढ्या वेळात जेवढं जाता येईल तेवढंच जायचं, पुढच्या आडोशापर्यंत. उघड्यावर मात्र कधीच थांबायचं नाही."

"आणि तोवर तुम्ही काय करणार?"

"कव्हर देणार. तुम्ही हलताना माझी बंदूक त्या खिडकीवर. तुम्ही पोचलात की तुमची बंदूक खिडकीवर, मग मी हलणार. दोघांनी एकदम हलायचं नाही."

"म्हणजे राखण," तो म्हणाला. "लहानपणी मळ्यात पाखरं हाकलायला बसवायचे मला. चला, राखा. निघालो मी."

आणि तो "उठलो, दिसलो, पडलो" असं चक्क मोठ्याने म्हणत पळाला. अख्खं कॅफे वळून बघायला लागलं. पण त्या दिवशी तो पहिल्यांदाच जिवंत पलीकडे पोचला, आणि इतका खूश होऊन माझ्याकडे वळला की मी स्क्रीनकडे बघत राहिले. बाकी कुठे बघायचं ते मला सुचेना.

मग दर रविवार. कुंदन मखमलाबादचा. घरी फुलांचा आणि भाजीचा मळा, हा मात्र पिंपळगाव बसवंतला, द्राक्षं खोक्यांत भरून गार ठेवणाऱ्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. हंगाम सुरू झाल्यावरही अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून यायचा. अंगाला थंड खोलीचा आणि कोऱ्या पुठ्ठ्याचा वास असायचा. कधी खिशातून रुमालात बांधलेली द्राक्षं निघायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलं नाही. बहुतेक एखाद्या चकमकीत झालं असावं, कारण गोळीबारात ‘आपण डावीकडे सरकावं’ असं कुणी म्हणत नाही.

"अंतर ठेव, कुंदन. इतका चिकटून चाललास तर एका ग्रेनेडमध्ये दोघंही जाऊ."

"जाऊ की सोबत."

"सोबत जाण्याचे पॉइंट मिळत नाहीत."

"गेममध्ये नाही मिळत. बाहेर?"

"पुढे बघ," मी म्हणाले. माझे कान गरम झाले होते, पण वर हेडफोन असल्यामुळे अब्रू वाचली.

एकदा त्याने विचारलं, "दर वेळी मीच का आधी हलायचं?"

"तुला पळायला आवडतं म्हणून."

"आणि तुला मागे बसायला?"

मी बंदुकीत गोळ्या भरायला घेतल्या. खरं उत्तर असं की मला लहानपणापासून तीच सवय. घरात काही मागायचं असलं की मी दादाला पुढे पाठवायचे. सायकल असो, सहल असो, कॉम्प्युटर असो, बाबांसमोर दादा उभा आणि मी दाराआड. दादा बोलणी खायचा, मी कॉम्प्युटर वापरायचे.

पण या बाबतीत दादाला पाठवता येणार नव्हतं. आम्ही उपनगरच्या कॉलनीत राहतो, बाबा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. कुंदनच्या घरी खंडोबाची तळी भरतात, आणि जातीबाहेरच्या लग्नाचा विषय निघाला की त्याची आई उठून आत जाते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी त्यावर आम्ही कधी बोललो नाही. बोलायचं तर आधी ‘आपण’ हा शब्द वापरावा लागला असता.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी तो आला तो हेडफोन न लावताच बसला. गेम सुरू व्हायच्या आधी म्हणाला, "मालक तासगावला नवीन पॅकहाउस काढताहेत. मला म्हणतात, कायमचा तिकडे जा. उद्या संध्याकाळी हो-नाही सांगायचंय."

माझ्या तोंडातून निघालं, "चांगलंय की."

"हो ना?"

"बढतीच ना ती?"

"बढतीच." त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे... तुझं काही म्हणणं नाही?"

"माझं काय असणार?"

गेम सुरू झाला. तीच भिंत, तोच पाऊस, तीच खिडकी. मी बंदूक खिडकीवर लावली आणि तो निघायची वाट बघत बसले. त्यानेही बंदूक खिडकीवर लावली होती आणि तो मी निघायची वाट बघत होता. दोघं भिंतीमागे शेजारी शेजारी, एकमेकांची राखण करत. पावसात शिपायांचे कोट चमकत होते. कोणी हललं नाही. वेळ संपली आणि हरल्याची पाटी आली.

रोहित मागून चहाचे कप घेऊन जात होता. "दोघंही कव्हर देत बसलात होय! मग पुढे जाणार कोण, मी?"

कुंदन हसला नाही. हेडफोन ठेवला, "येतो," म्हणाला आणि गेला.

सोमवारी सकाळी मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि पिंपळगावची बस पकडली. बसमध्ये बोलायची वाक्यं जुळवली. ओझरपर्यंत ती बरी वाटत होती, पिंपळगावला उतरले तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

पॅकहाउसचं आवार भलं मोठं, सगळं सिमेंटचं, दुपारच्या उन्हात पांढरं पडलेलं. एका बाजूला शेडखाली डोक्याला टोप्या घातलेल्या बायका डबे खात बसल्या होत्या. समोर टोकाला थंड खोलीचं दार, आणि दारात कुंदन जाड जॅकेट घालून कुणाला तरी ओरडत होता. मी फाटकातून निघाले ती थेट एका टेम्पोमागे. उठले, दिसले, पडले. मग क्रेटच्या थप्पीमागे. तिथून पुढे मात्र काहीच नव्हतं, नुसतं मोकळं आवार. मी निघाले आणि बरोबर मध्यावर पाय थिजले.

डबे खाणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांच्यातली नवसाबाई, हे नाव मला नंतर कळलं, तिने हाक दिली, "ओ साहेब! तुमच्याकडं कोन तरी आलंय बघा. लय घाबरलीय बिचारी!"

कुंदन वळला. थंडीतून बाहेर आल्याने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याने चष्मा काढला, डोळे बारीक केले.

"तेजल?" आणि मग आवार दणाणेल असा ओरडला, "तेजल! उघड्यावर थांबायचं नाही!"

मी निघाले. आडोसा नाही, बांध नाही, त्याच्या त्या पहिल्या शिपायासारखी नाकासमोर.

"तासगाव चांगलं नाही," मी धापा टाकत म्हणाले.

"काल चांगलं होतं."

"काल मी खोटं बोलले. तुला जायचं असलं तर जा, मी अडवणार नाही. पण मला धरून ठरव. मला तू आवडतोस, कुंदन. गेमबाहेर. खूप."

तो चष्मा हातात घेऊन उभाच राहिला. मागे थंड खोलीचं दार उघडं होतं, त्यातून गारवा येत होता.

"मलापण," तो हळू म्हणाला. "कधीपासून. काल मी निघणारच होतो गं. पण... गेममध्ये मेलो तर परत सुरू करता येतं. इथे तू नाही म्हणाली असतीस, तर काय सुरू करणार होतो मी?"

"साहेब, दार लावा, माल गरम व्हतोय!" नवसाबाई ओरडली. बायका खो खो हसल्या. कुंदनने दार लावलं, पण नजर माझ्यावरून हलवली नाही.

"आज मालकांना सांगतो, उत्तर थोडं थांबून देईन. आणि घरचं?"

"एकेक करून. आधी माझं घर. मी हलते, तू राख. मग तुझी आई, तेव्हा मी राखते."

"आज?"

"आजच. उद्यापर्यंत मी परत टेम्पोमागे गेलेली असेन."

मालकांशी बोलून, हाताखालच्या माणसाला काम सोपवून त्याने मोटारसायकल काढली. कॉलनीच्या गेटजवळ आम्ही थांबलो तेव्हा ऊन अजून कडक होतं. तो खाली थांबला. मी एका कानात इअरफोन घातला, त्याला फोन लावला आणि जिना चढले. बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"बाबा, एक सांगायचंय."

"आज दादाला पाठवलं नाहीस?" त्यांनी मागे न बघताच विचारलं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, सायकलीपासून.

कानात आवाज आला, "राखतोय. निघ."

"मला एक मुलगा आवडतो. कुंदन. मखमलाबादचा आहे. आपल्यातला नाही..." स्वयंपाकघरात आईने मिक्सर बंद केला.

"थांबू नकोस," कानात.

"मला लग्न त्याच्याशीच करायचंय. लगेच हो म्हणू नका, पण लगेच नाही पण म्हणू नका."

बाबांनी झारी खाली ठेवली. "त्याच्या घरी माहीत आहे?"

"अजून नाही. आधी तुम्हाला सांगितलं."

"तिथे तुला मान मिळेल का? मला तेवढंच बघायचंय. बाकी सगळं दुय्यम आहे."

"मला पण तेच बघायचंय, बाबा. मान नसला तर मी परत येईन. पण न बघताच मागे फिरणार नाही."

त्यांनी गॅलरीतून खाली वाकून बघितलं. "गेटजवळ तो जॅकेटवाला... तोच का?"

"हो."

"या उन्हात जॅकेट?"

"काढायचं विसरला असेल."

"त्याला म्हणावं, उघड्यावर काय थांबलायस, वर ये." मग बोट उगारून, "हे बघ, मी हो म्हटलेलं नाही. पाणी प्यायला बोलावतोय."

मला निरोप द्यावाच लागला नाही. कानात गेटची कडी वाजली, मग बूट, मग जिना.

"उठलो..." तो धापा टाकत पुटपुटत होता. आई हात पुसत बाहेर आली. "दिसलो..."

तिसरा शब्द आलाच नाही. दारावरची बेल वाजली.