मुंग्या न चढलेला खांब

"आता सांगतो ते कुणालाही खरं वाटणार नाही. वाटलं, तर ही मिशी उतरवीन!" अरुमुगम आजोबांनी मांडीवर थाप मारली आणि आपल्या आईची, वल्लीची, गोष्ट सुरू केली.

दीपावलीची सुट्टी होती, पण छोट्या वल्लीला फराळ सुचत नव्हता. सिंगापूरच्या नव्या कचेरीच्या अंगणात लोहार भाता फुंकत होता. तिच्या अप्पांच्या पायांत पुन्हा बेडी पडणार होती! मद्रासहून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर सिंगापूरला धाडलेले अप्पा कैदीच. पण नीट वागले म्हणून बेडी सुटली होती, घरी राहता येत होतं, आणि कचेरीच्या भिंतींना ते गिलावा करत होते. आता गिलाव्यातला गूळ चोरल्याचा आळ!

"इतका गूळ खाल्ला असता, तर पोट नसतं सुटलं?" कोळ्याचा अवांग कुजबुजला.

"गप रे! हिचा जीव चाललाय इथं," वल्लीची मैत्रीण सू-एंग म्हणाली. सू-एंगची आई गिलाव्यासाठी अंडी पुरवायची. चुना, अंड्यातलं पांढरं नि गूळ घालून घोटलं, की भिंत आरशासारखी व्हायची.

वल्ली रडत अप्पांच्या भिंतीला टेकली आणि किंचाळली, "आई गं! चावली!"

भिंतभर मुंग्या! मुकादम सबापतीने गिलावा केलेला शेजारचा खांब मात्र कोराच.

"अरे, याच्या गिलाव्यात गूळच नाही!" वल्ली ओरडली.

तिघं बांधकामावरच्या साहेबाकडे धावली.

"साहेब, भिंत चाटा!"

"काय?"

"चाटा ना! नाहीतर माझ्या अप्पांना..." वल्लीने साहेबाची बाही ओढली.

साहेबाने टोपी काढली, मग जीभ काढली. अप्पांची भिंत गोड! मुकादमाचा खांब... थू थू, नुसता चुना!

"कारट्यांचं काय ऐकता, साहेब?" मुकादम सबापती ओरडला. पण आपल्या पेटीपुढून तो तसूभर हलेना.

"काका, तुमच्या पायांवरून वरात चाललीय!" अवांग म्हणाला.

मुकादम थयथय नाचू लागला. मुंग्यांची रांग थेट पेटीत शिरत होती. झाकण उघडलं, तर आत गुळाच्या ढेपा!

"शाबास, पोरांनो! आमचे डोळे काय गहाण पडले होते?" साहेब म्हणाला.

बेडीची गरजच उरली नाही; लोहाराने लालबुंद लोखंड पाण्यात बुडवलं. चर्र! वल्लीला कुशीत ओढून अप्पा तळहाताने भिंत घोटत राहिले.

"इतकी घोटली, इतकी घोटली, की त्यांचा चेहराच तिच्यात उतरला. आजही दिसतो!" आजोबा म्हणाले.

"थाप! शुद्ध थाप!" नात कावेरी ओरडली. "मी सकाळीच त्या भिंतीत डोकावले होते, आजोबा. तिथे तर मीच दिसत होते!"