तीन हात पूर्वेला

पत्रूच्या घरकुलाला परवानग्या दोन हव्या होत्या. पहिली ग्रामपंचायतीची. ती चार फेऱ्या मारून, ग्रामसेवक प्रफुल्लच्या सहीशिक्क्यानिशी हातात आली होती. दुसरी जमिनीची. धानोऱ्याच्या पुढच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, घर बांधण्याआधी जागेवर रात्रभर तांदळाचे तीन ढीग पळसाच्या पानांखाली ठेवतात. सकाळी ढीग जसेच्या तसे दिसले तर बांधायचं, विस्कटले तर जागा सोडायची. सरळ व्यवहार.

सकाळी पत्रू एकटाच पाहायला गेला. तिन्ही पानं जागच्या जागी होती. पानं उचलली तर खाली ढीग नव्हता. दाणे एकामागे एक, ओळीत मांडलेले होते.

त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि मुकाट्यानं दाणे गोळा करून पुन्हा ढीग केले. काय करणार बापडा? महिनाअखेरीपर्यंत पायव्याचा फोटो ऑनलाइन चढला नाही तर यादीतून नाव उडणार होतं. गेल्या साली हत्तींनी घर पाडलं, तेव्हापासून तो आणि बायको सोमारी ताडपत्रीखाली राहत होते. सोमारीला सातवा महिना लागला होता.

"ढीग तसेच हायेत," त्यानं घरी सांगितलं. सोमारीनं हात जोडले. त्याला तिच्याकडे बघवेना.

गवंडी मंगरूनं खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दुसऱ्या सकाळी दोरी मोजून तीन हात पूर्वेला सरकलेली. खुंट्यांची जुनी भोकंही दिसेनात.

"काऊन गा पत्रू, तू सरकवली काय?"

"मी काऊन सरकवू?"

दोघांनी ती परत जागेवर आणली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. चौथ्या सकाळी मंगरूनं हातोडा खाली ठेवला. "मी नाई आता दोरी हलवत. हाय तिथीच खोदतो."

पत्रूच्या अंगात वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. खोदकाम सुरू झालं. पश्चिमेला शेजारच्या झिंगूच्या कुंपणापर्यंत नुसती मोकळी जागा, पण तिकडून शिजत्या भाताचा वास यायचा. टोल्यावर त्या वेळी कुणाचीच चूल पेटलेली नसे. मंगरूलाही वास येत होता. तो तिकडे पाठ करून खोदत राही.

पायवा झाला आणि फोटो काढायला प्रफुल्ल आला. घर नकाशाप्रमाणे नाही म्हणजे फोटो नापास, आणि नापास म्हणजे घर गेलं.

"साहेब, तीन हात चुकलं," तो बोलून गेला.

प्रफुल्लनं नकाशा पसरला. टेप लावला. पुन्हा लावला.

"कुठी चुकलं? बरोबर हाय की. पश्चिमेला जागा सोडलेलीच हाय. माझ्याच हातचा नकाशा हाय हा."

पत्रूचे डोळे भरून आले आणि हसूही आलं. फोटो चढला. त्या संध्याकाळी त्यानं सोमारीला दाण्यांचं सगळं खरं सांगून टाकलं.

"मले खोटं सांगतलं तुमी?" ती आधी चिडली. मग तिनंही मोठा श्वास सोडला. "जाऊ द्या. ज्याची जागा त्यानं घेतली, आपली आपल्याले देली."

घर उभं राहिलं. पोरगी झाली. कित्येक महिन्यांनी पत्रू गाढ झोपू लागला.

मग ग्रामपंचायतीतून घराच्या नोंदीचा कागद आला. सोमारी दारात बसून चतुःसीमा वाचू लागली. पूर्वेला रस्ता. उत्तरेला पाण्याची बोडी. दक्षिणेला धानाची बांधी.

पश्चिमेशी ती थांबली.

"काऊन, काय झालं?" पत्रूनं विचारलं.

तिनं कागद त्याच्यासमोर धरला. तिथं झिंगूचं नाव नव्हतं. प्रफुल्लच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

पश्चिमेस राहते घर. माणसे पाच. हरकत नाही.