शरण्याचे अप्पा

“शरण्या स्टेजवर येणार नाही!”

जयंतीच्या आवाजात राग उरलाच नव्हता. होता तो केवळ थकवा... बोलण्याचासुद्धा थकवा! डाव्या हाताच्या कोपरात तिनं आपल्या लेकीची मान सावरून धरली होती, उजव्या हातात रसमभाताचा मऊ कालवलेला घास होता, आणि अड्यारच्या त्या घरात, खोलीच्या दाराशी तिचा नवरा उभा होता. एस्तेबान अरिएता! डोंगर पोखरून बोगदे नेणारा, समुद्राचं पाणी गोड करून शहरांना पाजणारा, स्पेनच्या एका बलाढ्य कंपनीचा अध्यक्ष... पण या खोलीत पाऊल टाकायला त्याचे पाय आजही तयार नव्हते.

“उद्या उघडणारं केंद्र तिच्या नावाचं आहे, जयंती,” तो म्हणाला. “इथं जवळच, कोवलमला, कोळ्यांच्या बायका आपली मुलं घेऊन येतील. अशीच मुलं... त्यांना ही दिसायला नको का?”

“त्यांना दिसायला हवी! आणि तुम्हाला?”



तरुणपणी बंदराच्या कामावर आलेला हा स्पॅनिश इंजिनियर जयंतीच्या माहेरी माडीवर भाड्यानं राहायचा. तिच्या आईच्या हातचं खात, तिच्या वडिलांशी गप्पा मारत तो त्या घरची तंजावरी मराठी बोलायला शिकला, आणि त्याच अडखळत्या मराठीत एके दिवशी त्यानं तिला मागणी घातली. गिंडीच्या कारखान्यात नकाशे काढणारी जयंती नोकरी सोडून त्याच्यामागे माद्रिदला गेली. तिथं शरण्या झाली... जन्मताच मेंदूला इजा झालेली, ना मान धरणारी, ना शब्द उच्चारणारी! तिथली थंडी त्या कोवळ्या छातीला सोसेना. प्रत्येक हिवाळा इस्पितळात जाऊ लागला. तेव्हा जयंतीच म्हणाली होती, “मी हिला घेऊन घरी जाते. तुमचं काम आता कुठं उभं राहतंय, ते सोडू नका.”

त्यानं ते सोडलं नाही. महामार्ग झाले, विमानतळ झाले, इंजिनियरचा संचालक आणि संचालकाचा अध्यक्ष झाला. आधी तो दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, मग फक्त पोंगलला, मग फोनवर. आणि जसजसं त्याचं येणं विरळ होत गेलं तसतसा त्याचा दानधर्म वाढत गेला! पेरूमध्ये अपंग मुलांसाठी शाळा, मोझांबिकमध्ये उपचारकेंद्र... एकदा वर्तमानपत्रात त्याचं छायाचित्र आलं होतं. मांडीवर कुणाचंसं अनोळखी, मान कललेलं लेकरू, आणि त्याच्या चेहऱ्यावर अपार वात्सल्य. जयंती त्या छायाचित्राकडे कितीतरी वेळ पाहत राहिली होती. त्या लेकराचा तिला हेवा वाटला होता, आणि मग त्या हेव्याची लाज!

आज शरण्या तिशीला टेकली होती. तिचं अंग आता आईला पेलत नव्हतं.

“मी उद्या दुपारीच माद्रिदला निघणार,” तो हलकेच म्हणाला. “तेवढ्यापुरतं तरी तिला येऊ दे... वेंकटनं गाडीची व्यवस्था केलीय, नर्स आहे सोबत...”

वेंकट म्हणजे त्याच्या धर्मादाय संस्थेचं इथलं काम पाहणारा. जयंतीनं घासाचा हात पुसला आणि शरण्याला खाटेवरून खुर्चीत घेण्यासाठी रोजच्यासारखे दोन्ही हात तिच्या काखेत घातले. उचललंही... आणि अर्ध्यावर तिच्या छातीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी लेकीला खुर्चीत टेकवून ती तिथंच जमिनीवर बसली.

“जयंती! अलमेलू! डॉक्टरला... कुणीतरी...” तो घरकामाच्या बाईलाही हाका मारू लागला.

“अलमेलू बाजारात गेलीय,” जयंती धापा टाकत म्हणाली. “ओरडू नका, ती घाबरते. हे जुनंच आहे. हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन सांगितलंय गेल्या वर्षीच.”

“गेल्या वर्षी! आणि मला कळवलं नाहीस?”

“काय केलं असतंत?” तिचे डोळे भरून आले. “माणसं पाठवली असतीत! चार नर्स पाठवल्या असत्या, मोठे डॉक्टर पाठवले असते. सगळ्या जगाला पाठवता तशी! हिला माणसं नकोत हो... हिला माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास उतरत नाही. मी इस्पितळात पडले तर ही उपाशी राहील, म्हणून मी गेले नाही. एवढंच!”

इतकं बोलून तिनं भिंतीला डोकं टेकलं. इतक्या वर्षांची ती गोष्ट एवढ्याशा बोलण्यात संपली होती, याचं तिलाच नवल वाटलं.

खुर्चीत शरण्याची मान एका बाजूला लवंडली होती. भुकेनं तिच्या घशातून तो ओळखीचा, केविलवाणा आवाज येऊ लागला. जयंतीनं उठायचा प्रयत्न केला. तिला उठवेना.

“मला भीती वाटते,” दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला. “पूल का पडत नाही ते मला ठाऊक असतं, जयंती. दुसऱ्यांच्या मुलांना मी घेतो, कारण मी निघून जाणार असतो. हिच्यापाशी... हिच्यापाशी मला काहीच येत नाही!”

“मला कुठं येत होतं?”

आणि एस्तेबान आत आला. अवघडून गुडघ्यांवर बसला. त्यानं लेकीची मान उचलून आपल्या कोपरात घेतली. पहिला घास शरण्यानं थुंकला, सरळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर. दुसराही थुंकला!

“लहान घ्या,” जमिनीवरून जयंती म्हणाली. “ओठाला लावा नुसता. बोलत राहा तिच्याशी, गप्प बसलात की ती तोंड मिटते.”

“काय बोलू?”

“काहीही!”

मग तो बोलू लागला... त्या अडखळत्या तंजावरी मराठीत, बंदराबद्दल, बोटींबद्दल, माडीवरच्या त्याच्या जुन्या खोलीबद्दल. शरण्या टक लावून त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. कितीतरी वेळानं तिनं तोंड उघडलं. घास उतरला! आणि डोंगर फोडणारा तो माणूस लेकीच्या केसांत तोंड लपवून हुंदके देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी कोवलमचं केंद्र त्याच्याविनाच उघडलं. “माझी वाट पाहू नका, त्या आयांनाच दिवा लावू द्या,” एवढंच त्यानं वेंकटला सांगितलं. माद्रिदला त्यानं अध्यक्षपद सोडत असल्याचं कळवलं. जयंतीनं त्याला शाबासकी दिली नाही की माफीही... तेवढं बळच तिच्यात नव्हतं. ती फक्त इस्पितळाची पिशवी भरू लागली.

ऑपरेशन झालं. जखम भरायला वेळ लागला. रोज तो फोनवर विचारायचा, “आज ताक दिलं, चालतं ना?” आणि ती उशीवरून म्हणायची, “चालतं.”

अलमेलू तिला टॅक्सीनं घरी घेऊन आली ती ऐन दुपारची वेळ होती. जयंती सावकाश पावलं टाकत खोलीत गेली. खुर्चीपाशी तो बसला होता. खुरटी दाढी, खांद्यावर टॉवेल, हातात वाटी.

“कण्णम्मा!” जयंतीनं लेकीला लाडानं हाक मारली.

शरण्यानं वळून पाहिलं. तिचा सगळा चेहरा उजळला, सारं अंग आनंदानं थरथरलं... आणि मग तिनं मान पुन्हा वडिलांकडे वळवून पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

जयंतीच्या काळजात काहीतरी तुटलं. आजवर हे तोंड तिच्याखेरीज कुणासमोर असं आपणहून उघडलं नव्हतं! क्षणभर तिला पोरकं वाटलं... आणि त्याच क्षणी तिच्या खांद्यांवरून, पाठीवरून, सगळ्या देहावरून कितीतरी वर्षांचं ओझं हळूहळू उतरू लागलं.

ती लेकीच्या खाटेवर कलंडली.

“जेवायला उठवू का?” त्यानं विचारलं.

“नका उठवू,” जयंती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.